‘सहकार्या’ची किंमत
(परिचारिकांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



भाषांतर करताना काही शब्द फसवे निघतात. अमेरिकेतील नर्स प्रॅक्टिशनरविषयक कायदे वाचताना ‘कोलॅबोरेशन’ हा शब्द मला असाच भेटला. कोशात त्याचा अर्थ ‘सहकार्य’. कायद्यात मात्र तो एक लेखी करार आहे, आणि त्यातील दोन्ही पक्ष समान नाहीत.

१९६५ साली कोलोराडो विद्यापीठात परिचारिका लॉरेटा फोर्ड व बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी या शिक्षणाचा पाया घातला. जेथे डॉक्टर पोचत नव्हते, तेथील मुलांना उपचार मिळावेत हा हेतू होता. आज या पदासाठी परिचारिकेचा परवाना, पदव्युत्तर शिक्षण, शेकडो तासांचा प्रत्यक्ष रुग्णसेवेचा सराव आणि बहुतेक राज्यांत राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा आवश्यक असते. हे प्रमाणपत्र सहसा दर पाच वर्षांनी नवे करावे लागते. या अटींविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. रोग्याच्या जिवाशी गाठ आहे.

प्रश्न पुढचा आहे. न्यू मेक्सिकोत ही परिचारिका स्वतःच्या परवान्यावर निदान करते, औषध लिहून देते. सीमा ओलांडून टेक्सासात गेल्यास तिला डॉक्टरशी लेखी करार केल्यावाचून औषध लिहिता येत नाही. परीक्षा तीच, ज्ञान तेच, रोगही तोच! प्रत्येक रोगी त्या डॉक्टरने पाहावा असे बंधन नसते. तरीही कित्येक ठिकाणी करारासाठी परिचारिका डॉक्टरला दरमहा शुल्क मोजते. डॉक्टरने करार मोडला की तिचा दवाखाना बंद पडू शकतो.

मेडिकेअर ही सरकारी विमायोजना तिच्या सेवेला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्केच मोबदला देते. देखरेखीच्या अटी पाळून तेच काम डॉक्टरच्या नावावर दाखविले, तर पूर्ण शंभर टक्के!

कॅलिफोर्नियाने २०२० साली कायदा करून तीन वर्षे किंवा ४,६०० तासांच्या अनुभवानंतर हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल करण्याचा मार्ग स्वीकारला. अनुभव मोजावयाचा, तर तो असा उघड निकषाने मोजावा. खाजगी कराराने नव्हे.

आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख आला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात सामुदायिक आरोग्यसेवकांना मर्यादित परवान्याची तरतूद झाली, तेव्हा डॉक्टरांनी देशव्यापी संप केला. अर्धशिक्षितांच्या हाती रोगी सोपवू नये, ही त्यांची भीती सर्वस्वी खोटी नव्हती. गरिबांसाठी स्वस्त, दुय्यम उपचार ही पळवाट सरकारला मिळता कामा नये.

म्हणूनच आपली मागणी दुहेरी असली पाहिजे : शिक्षण व परीक्षा कडक असावी, आणि ती उत्तीर्ण झालेल्या परिचारिकेस जबाबदारीबरोबर अधिकार व वेतनही मिळावे. डॉक्टर व परिचारिका रोग्याच्या खाटेशी बरोबरीने उभे राहतील, तेव्हाच त्या इंग्रजी शब्दाचे भाषांतर मी निःशंकपणे ‘सहकार्य’ असे करीन.