मोटारीचे खरे नाव



पुण्यात कोणी नुसते 'माधवराव पेशवे' म्हणाला, तर ऐकणारा लगेच विचारतो, थोरले की सवाई? 'बाजीराव' म्हटले तरी पहिला की दुसरा, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. कारण एकाने राज्य वाढविले आणि दुसऱ्याच्या हातून ते गेले. नाव एक, पण माणसे निराळी. मोटारींच्या जगातही हीच अडचण आहे आणि तेथील शौकिनांनी तिच्यावर काय तोड काढली, ते आज आपल्यापुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम आमची फजिती सांगतो. आम्ही एकदा १९९६ सालची एक जुनी मर्सिडीज 'ई-क्लास' हौसेने विकत घेतली. पुढचा दिवा फुटला, तेव्हा नाव आणि साल कळवून परगावाहून नवा मागविला. खोके उघडले तो आत लंबगोल दिवा! आमच्या गाडीची खाच चौकोनी. मेस्त्री हसून म्हणाले, "साहेब, ही दोनशेदहाची वस्तू. तुमची गाडी एकशेचोवीस." चूक आमचीच होती. आम्ही गाडीचे नाव सांगितले होते; गाडी कोणती, ते सांगितलेच नव्हते.

हे एकशेचोवीस काय प्रकरण आहे? कारखान्यात नवी गाडी आखावयास घेतात, तेव्हा तिचे विक्रीचे नाव ठरलेले असतेच असे नाही. तरी आराखड्यांवर आणि सुट्या भागांच्या याद्यांवर काहीतरी खूण हवी. म्हणून तिला एक सांकेतिक क्रमांक देतात. शौकीन मंडळी त्यालाच 'चॅसिस कोड' म्हणतात. मर्सिडीजच्या क्रमांकापूर्वी 'डब्ल्यू' असते, ते 'वागेन' म्हणजे गाडी या जर्मन शब्दाचे आद्याक्षर. बीएमडब्ल्यूच्या जुन्या क्रमांकांतील 'ई' हे 'एन्टविकलुंग' म्हणजे विकास या शब्दाचे.

बीएमडब्ल्यूची '३ सिरीज' १९७५ साली निघाली आणि तिचे नाव आजतागायत तेच आहे. पण त्या नावाखाली किती गाड्या होऊन गेल्या! पहिली ई२१, मग १९८२ मध्ये ई३०, १९९० मध्ये ई३६, १९९८ मध्ये ई४६, २००५ मध्ये ई९०. पुढे 'ई' जाऊन 'एफ' आणि 'जी' ही अक्षरे आली. तिसावरून एकदम छत्तीस कसे, असे कोणी विचारील. हे क्रमांक एका घराण्याचे नसून साऱ्या कारखान्याच्या कामाचे आहेत. मधला ३२ मोठ्या '७ सिरीज'ला गेला, ३४ '५ सिरीज'ला.

यावर कोणी म्हणेल, नाव आणि साल दोन्ही सांगितले की झाले! तेवढ्याने भागत नाही. ई३६ ही १९९० मध्ये बाजारात आली, तरी ई३०चा मागे सामानाची जागा असलेला प्रकार १९९४ पर्यंत निघतच होता. म्हणजे '१९९२ ची ३ सिरीज' या शब्दांत दोन अगदी वेगळ्या गाड्या बसतात.

मर्सिडीजची कथा याच्या उलट आहे. डब्ल्यू१२४ ही गाडी १९८४ साली आली. तेव्हा तिच्या पाठीवर '३००ई' अशासारखी नावे असत. १९९३ मध्ये कंपनीने नामकरणाची पद्धत बदलली, अक्षर पुढे आणले आणि तीच गाडी 'ई-क्लास' झाली. नाव बदलले, मूळ गाडी तीच राहिली. १९९५ मध्ये जर्मनीत तिची जागा डब्ल्यू२१० ने घेतली. पण त्याच वर्षी आपल्या पुण्यात, टेल्कोच्या आवारात, डब्ल्यू१२४ ची जुळणी सुरू झाली होती. तेव्हा १९९६ ची ई-क्लास म्हटल्यावर परगावच्या दुकानदाराने नवी समजावी आणि आमच्या दारात जुनी उभी असावी, यात नवल ते काय?

जपानात तर क्रमांकाचेच नाव झाले. टोयोटाच्या 'एई८६' मध्ये 'ए' हे इंजिनाच्या घराण्याचे, 'ई' हे कोरोला घराण्याचे अक्षर. १९८३ ते १९८७ या काळात ती निघाली. तिच्या पिढीच्या इतर बहुतेक कोरोला पुढच्या चाकांनी ओढल्या जात; हिला मात्र मागची चाके ढकलीत. वळणावर गाडी घसरवीत नेणाऱ्या तरुणांना ती प्रिय झाली. ते तिला 'हाची-रोकु', म्हणजे आठ-सहा, म्हणत. अखेर २०१२ मध्ये टोयोटाने एका नव्या गाडीचे नावच '८६' ठेवले!

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. चॅसिस कोड म्हणजे चॅसिस नंबर नव्हे. कोड साऱ्या पिढीचा असतो. सांगाड्यावर कोरलेला सतरा अक्षरांकांचा नंबर त्या एकाच गाडीचा. पिढी ओळखावयाची तर कोड पाहावा; गाडी चोरीची नाही ना, याची खात्री करावयाची तर नंबर नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहावा.

आता शौकिनांनाही दोन शब्द. क्रमांक पाठ झाले की काहींना वाटते, ज्याला ते येत नाहीत तो अडाणी. आम्हांला मेस्त्रींनी हसून का होईना, पण समजावून सांगितले, म्हणून आम्ही शिकलो. शिवाय क्रमांक पिढी सांगतो, प्रकृती सांगत नाही. उत्तम पिढीची गाडीही गंजलेली असू शकते.

तरीही जुनी गाडी घेताना, तिच्यासाठी काही मागविताना, हा क्रमांक आधी विचारा. आमचा दिवाच चुकला, म्हणून केवळ पैसे गेले. ब्रेकचा भाग चुकला असता, तर आज हे व्याख्यान देण्यास आम्ही येथे उभे असतो की नाही, कोण जाणे! इतिहासाच्या अभ्यासकाला आपण विचारतो, थोरले की सवाई? तोच प्रश्न गाडी विकणाऱ्यालाही निःसंकोच विचारावा, इतकेच सांगून आपली रजा घेतो.