'पाणी आणा' म्हणण्याआधी विचारा : काय जळतंय?

(गंगापूर येथील शेतकरी बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाचा प्रश्न आज बैठकीत आहेच, त्यावर पुढचे वक्ते बोलतील. मला आगीवर बोलायला सांगितले आहे. चळवळीच्या बैठकीत आगीचा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. उत्तर सोपे आहे. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत आपली वर्षाची कमाई ढिगाच्या रूपात पडलेली असते. कापूस पडवीत, ज्वारी पोत्यात, कडबा गोठ्याशेजारी गंजीत. पीकविमा शेतातल्या पिकाचा. घरात आणून टाकलेल्या कापसाला तो नाही. भाव पडला तर निम्मे तरी हाती येते, ठिणगी पडली तर काहीच येत नाही. आणि माल वाचवायला गेलेला माणूस गेला, तर त्याचा हिशेब कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

आग म्हटले की आपल्याला रॉकेल, पेट्रोल, गॅस आठवतो. पण आपल्या घरात आणि दुकानात जास्त असतात ते पेटणारे घन पदार्थ. कापूस, कडबा, गंधक, धान्यातल्या गोळ्या. यांची आग सारखी नसते आणि विझवायची रीतही सारखी नसते. म्हणून आज एकच गोष्ट पक्की करून जा. 'पाणी आणा' अशी हाळी देण्याआधी एक प्रश्न विचारायचा : काय जळतंय?

पहिला कापूस. कापसाची आग कपटी असते. वरची ज्वाळा विझते, पण आतली धग राहते. दाबलेल्या गाठीत ती कित्येक तास, कधी कधी दिवसचे दिवस धुमसते आणि वारा लागला की पुन्हा उठते. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी हेच झाले. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता आणि कराचीहून भरलेल्या सुमारे ८,७०० कापसाच्या गाठी होत्या. कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात! दुपारी दोनच्या सुमारास गाठींना आग लागल्याचा बोभाटा झाला. बंबांनी सुमारे ९०० टन पाणी आत ओतले, तरी गाठींच्या पोटातली आग हाती लागली नाही. जहाज बुडवायचे, बाहेर ओढून न्यायचे की जागेवरच विझवायचे, यावर एकमत झाले नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा. पेटत्या गाठी आभाळातून गोदीवर आणि वस्त्यांवर पडल्या. शेकडो माणसे गेली, त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या आठवणीत आजही १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. कापसाशेजारी भडकणारे काहीही ठेवायचे नाही. आणि आगीच्या वेळी निर्णय कोण घेणार, हे आधीच ठरलेले पाहिजे.

कापसाला पाणी चालते, पण नुसते वरून ओतून भागत नाही. ढीग बाजूने उकरत, थोडा थोडा बाहेर मोकळ्यावर ओढायचा, पसरायचा आणि भिजवायचा. न पेटलेला माल आधी लांब करायचा. विझली असे वाटल्यावरही रात्रभर दोन माणसे राखणीला ठेवायची. ओला कापूस दाबून भरू नका, तो आत तापतो. तेलात भिजलेला कापूस आणि इंजिन पुसलेल्या चिंध्या ढिगात टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. ट्रॅक्टरचा सायलेन्सर आणि बिडी यांना ढिगाजवळ जागा नाही.

आणखी एक. राखणीसाठी आपण पोरांना कापसावरच झोपवतो. ही रीत बंद करा. आपल्याच तालुक्यातल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. कामगार आतच झोपलेले होते. सहा जणांना बाहेर पडता आले नाही. जिथे माल साठवला तिथे माणूस झोपवायचा नाही, आणि खोलीला बाहेर पडायची दुसरी वाट ठेवायची. राखण करायची तर खाट अंगणात टाका.

कडब्याचे तसेच. गंजी वीजवाहिनीच्या खाली रचू नका. गंजीवर तार पडली असेल तर आधी महावितरणला सांगून वीज बंद करवून घ्या, मगच पाणी मारा. कडब्याने भरलेली ट्रॉली रस्त्यात पेटली तर पळवू नका, वाऱ्याने आग वाढते. घरांपासून लांब थांबवा, वेळ मिळाला तर पिन काढून ट्रॅक्टर सोडवा, नाही मिळाला तर ट्रॅक्टरही सोडून बाजूला व्हा.

दुसरा गंधक. ज्वारीच्या काणीसाठी किलोमागे ४ ग्रॅम ३०० मेश गंधक बियाण्याला चोळायचा, हे आपल्याला तोंडपाठ आहे. त्याचे पोते घरात असते, कृषी सेवा केंद्रात तर थप्पी असते. गंधकाची ज्वाळा निळी असते आणि भर उन्हात डोळ्यांना नीट दिसतही नाही. सुमारे ११५ अंशांच्या पुढे तो वितळतो आणि पेटता पेटता वाहतो. त्याचा धूर म्हणजे सल्फर डायऑक्साइड वायू. हा वायू घसा आवळतो, डोळे जाळतो आणि हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो.

इथे आपली नेहमीची सवय घात करते. बादली जोरात फेकली किंवा पाइपाची धार मारली की बारीक भुकटी हवेत उडते, आणि हवेत उडालेली गंधकाची भुकटी ठिणगीने स्फोटासारखी पेटते. म्हणून धार नको. आग थोडी असेल तर ओली माती किंवा वाळू हळूच टाकून झाका, किंवा झारीसारखा बारीक फवारा द्या. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. सांडलेला गंधक खराट्याने सपासप झाडू नका, हलका ओला करून गोळा करा. आणि गंधकाच्या थप्पीला १३:००:४५ सारख्या नायट्रेट खताची पोती कधीही लावू नका. नायट्रेट स्वतः पेटत नसले तरी आगीला प्राणवायू पुरवते.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट, कारण तिथे पाणीच वैरी आहे. धान्याला लावायच्या सेल्फॉस म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणि वेल्डिंगवाल्याकडचे कार्बाइड. ओल लागली की गोळीतून फॉस्फिन वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम विषारी वायू! ढीगभर गोळ्यांवर पाणी पडले तर तो वायू आपोआप पेटतो. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन निघतो, तोही भडकणारा. फॉस्फिनवर उतारा नाही. तोंडाला फडके बांधून तो अडत नाही. लसणासारखा वास येईलच असेही नाही, म्हणून वासावर विसंबू नका.

अशा खोलीत आग लागली तर आत जायचे नाही. माणसे, लेकरे, जनावरे बाहेर काढून वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्यायची. बंब बोलावताना पहिलेच वाक्य असे : 'आत सेल्फॉस आहे, पाणी मारू नका.' कोरडी वाळू, कोरडी माती किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे, एवढेच चालते. मुळात या गोळ्या जाणकारांच्या देखरेखीखालीच वापरायच्या असतात. ज्या घरात माणसे झोपतात तिथल्या ज्वारीत त्या टाकूच नका.

आता रस्त्याचे. वाळूजकडे जाणारे धोकादायक मालाचे ट्रक आपल्या शेताच्या बांधावरून जातात. एखादा उलटला की गाव धावते, काही मदतीला, काही माल गोळा करायला. आधी लांबून पाटी वाचा. लाल-पांढरे उभे पट्टे म्हणजे पेटणारा घन पदार्थ. वर पांढरा, खाली लाल म्हणजे आपोआप पेटणारा. निळा चौकोन म्हणजे पाण्याने भडकणारा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अशा गाडीवर मालाचे नाव आणि तातडीचा फोन नंबर लिहिलेला असावा लागतो. तो बंबवाल्यांना सांगा. माल नुसता सांडला असेल तरी निदान २५ मीटर दूर राहा. गाडी पेटली असेल तर चारही बाजूंनी ८०० मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा मैल, माणूस ठेवू नका.

कोणी भाजले तर वाहते साधे पाणी २० मिनिटे. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. कातडीला चिकटलेला गंधक किंवा कपडा ओढून काढू नका. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे. बंबासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि काहीच न आठवल्यास ११२.

हे आपण करायचे. पण सगळा भार शेतकऱ्यानेच उचलायचा का? जिनिंगच्या आवारात शेतकऱ्याची गाडी दोन-दोन दिवस रांगेत उभी राहते. त्या काळात आग लागली तर नुकसान कोणाचे? काटा झाला नाही म्हणून माल व्यापाऱ्याचा नाही, आणि फाटकाच्या आत आहे म्हणून शेतकऱ्याच्या हातातही नाही. म्हणून आपल्या मागण्या अशा. फाटकातून गाडी आत आली की पावती मिळाली पाहिजे आणि त्या क्षणापासून मालाचा विमा खरेदीदाराने भरला पाहिजे. प्रत्येक खरेदी केंद्रावर भरलेली टाकी आणि चालू पंप असल्याशिवाय खरेदी सुरू होऊ नये. कृषी सेवा केंद्रात गंधक, नायट्रेट खते आणि गोळ्या वेगवेगळ्या ठेवल्या आहेत की नाही, याची तपासणी गावासमोर व्हावी. हंगामात तालुक्याला बंब कायम तयार असावा.

या मागण्यांचा ठराव आज करू. पण ठरावाची वाट न पाहता एक काम गावी जाऊन करा. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला सगळे गाव एकत्र असते. त्याआधी प्रत्येक गावात चार गोष्टी झाल्या पाहिजेत. कोरड्या वाळूची दहा पोती चावडीजवळ ठेवलेली. फोन नंबर भिंतीवर रंगवलेले. कोणाच्या घरात, दुकानात काय ठेवले आहे याची यादी केलेली. आणि आगीच्या वेळी ज्याचा शब्द शेवटचा मानायचा, असा एक माणूस ठरवलेला, बाई असो की बुवा. तो म्हणाला 'मागे फिरा', तर कापूस कितीही मोलाचा असो, सगळ्यांनी मागे फिरायचे.