संगणक सुरू करणारा पेनड्राइव्ह : सिद्धता आणि सावधानता



विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला लागणारी सामग्री अनेक जुन्या संगणकांत नाही. असा संगणक कापडाने झाकून कपाटाशेजारी ठेवला, तर त्यापासून मुलांना मिळणारे शिक्षणही तेथेच थांबते. वस्तुतः २ जीबी स्मृतीच्या ६४-बिट संगणकावरही लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली चालू शकते. ४ जीबी असल्यास काम अधिक सुखाने होते. ती बसविण्याचे साधन म्हणजे संगणक सुरू करू शकणारा पेनड्राइव्ह होय.

या कामी एक चूक वारंवार घडते. प्रणालीची आयएसओ फाइल उतरवून घेतली जाते व इतर फाइलींप्रमाणे पेनड्राइव्हवर कॉपी केली जाते. आणि मग संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू होत नाही. कणगीत ठेवलेले बियाणे उगवत नाही. ते पेरावे लागते. आयएसओ फाइल ही संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा असते. संगणक सुरू होताना आरंभीच्या आज्ञा ठरलेल्या जागी शोधतो. म्हणून ही प्रतिमा पेनड्राइव्हवर नुसती ठेवून चालत नाही. ती त्यावर मुळापासून लिहावी लागते.

मिंटची प्रतिमा सुमारे ३ जीबी असते. तिला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. फाइल उतरल्यावर तिची एसएचए-२५६ पडताळणी करावी. येणारी ६४ चिन्हे मिंटच्या संकेतस्थळावरील चिन्हांशी तंतोतंत जुळली, तरच फाइल निर्दोष समजावी. त्यानंतर बलेना एचर हा विनामूल्य प्रोग्रॅम उघडून प्रथम फाइल, मग पेनड्राइव्ह निवडावा व लेखन सुरू करावे. लेखनाअंती तो स्वतः पडताळणीही करतो. पुढे विंडोजने पेनड्राइव्ह फॉरमॅट करण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा.

येथे सर्वांत मोठी सावधानता हवी. लेखन सुरू होताच पेनड्राइव्हवरील पूर्वीचा मजकूर नष्ट होतो. एखाद्या शाळेची निकालपत्रके व हजेरीच्या नोंदी दुसऱ्या पेनड्राइव्हवर असतील आणि घाईत तोच निवडला गेला, तर वर्षाचे श्रम काही मिनिटांत जातील. यास्तव इतर सर्व पेनड्राइव्ह व बाह्य डिस्क आधी काढून ठेवाव्यात; पडद्यावरील नाव व क्षमता वाचूनच पुढे जावे.

सिद्ध झालेला पेनड्राइव्ह जुन्या संगणकास लावून तो सुरू करावा व लगेच बूट मेनूची कळ दाबावी. डेल व लेनोव्होच्या बहुतेक संगणकांत ती एफ-१२, तर एचपीच्या संगणकांत बहुधा एफ-९ असते. मेनूतून पेनड्राइव्ह निवडावा. मिंट प्रथम पेनड्राइव्हवरूनच चालते. आतील हार्ड डिस्कला हात लागत नाही. कळफलक, ध्वनी, इंटरनेट यांची परीक्षा या अवस्थेतच करावी. सर्व ठीक दिसले, तरच प्रणाली कायमची बसवावी. मात्र त्यापूर्वी हार्ड डिस्कवरील शाळेच्या नोंदींची प्रत अन्यत्र काढून, ती उघडून पाहावी.

ज्या शिक्षकाने हे काम एकदा सावधपणे केले, त्याने पुढील वेळी मोठ्या मुलांस शेजारी बसवावे. बंद पडलेले साधन पुन्हा कामास येताना पाहणे, हाही त्यांच्यासाठी एक पाठच होय.