पेशीची वाढ आणि ‘एबीएल’ जनुक



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना हे पुस्तकी प्रकरण वाटले असेल. पण आम्ही ज्याविषयी बोलणार आहोत त्यावर पुष्कळ घरांतील माणसांचे आयुष्य आणि महिन्याची जमाखर्चाची वही, दोन्ही अवलंबून आहेत.

निरोगी शरीरातील पेशी आपल्या मर्जीने वाढत नाही. तिला बाहेरून वर्दी यावी लागते. वर्दी आली म्हणजे पेशीतील एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेटचा लहानसा तुकडा चिकटवून जागे करते, दुसरे तिसऱ्याला, आणि हातोहात ती वर्दी पेशीच्या केंद्रापर्यंत पोचते. मग एका पेशीच्या दोन होतात. असे फॉस्फेट चिकटवणारे एक प्रथिन बनविण्याची कृती ‘एबीएल’ या जनुकात असते. ते आपणां सर्वांच्या नवव्या गुणसूत्रावर आहे. ते रोगाचे जनुक नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. दारावरच्या विजेच्या घंटीसारखे त्याचे काम. बटण दाबले की वाजावे, बोट काढले की थांबावे. थांबण्याची सोय प्रथिनाच्या अंगातच असते.

१९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना एका जातीच्या रक्ताच्या कर्करोगात, ज्याला डॉक्टर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणतात, एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. तुटलेला तुकडा गेला कुठे? उत्तराला तेरा वर्षे लागली. शिकागोच्या जॅनेट राऊली या बाई गुणसूत्रांची छायाचित्रे घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापून जुळवीत बसत. आई कागदाच्या बाहुल्या खेळते, अशी मुले थट्टा करीत! त्यांनी १९७३ साली दाखवून दिले की तुकडा हरवलेला नाही. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपली टोके अदलाबदल केली आहेत.

या अदलाबदलीत एबीएलचा मोठा भाग बाविसाव्यावरील ‘बीसीआर’ या जनुकाला जाऊन चिकटतो आणि थांबण्याची सोय ढिली पडते. बटण आतच अडकून बसते. कोणी दाबीत नसता घंटा अहोरात्र वाजते. चार ते अकरा हजार असावयाच्या पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात जातात, पानथरी वाढते, माणूस खंगतो. हा बिघाड आईबापांकडून येत नाही आणि मुलांकडेही जात नाही. तो जन्मानंतर अस्थिमज्जेतील एका पेशीत घडतो. रोग्याच्या मुलीचे लग्न जुळविताना शंका काढणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

बिघाड एका ठिकाणी, तर औषधही तेवढ्याच ठिकाणी का लागू पडू नये? इमॅटिनिब हे औषध प्रथिनाच्या ज्या खोबणीत त्याचे इंधन बसते तीच अडवते. ब्रायन ड्रूकर व सहकाऱ्यांनी १९९८ पासून ते रोग्यांना देऊन पाहिले. रोज ३०० मिलिग्रॅम वा अधिक घेणाऱ्या ५४ जणांपैकी ५३ जणांची रक्तातील गणना ठिकाणावर आली. २००१ साली अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. नंतरच्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी शेकडा ८९ रोगी हयात होते.

मात्र औषध घंटा गप्प ठेवते, बटण दुरुस्त करीत नाही. गोळी रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. काहींनाच ती पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबविता येते. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडणे घातक. काहींच्या प्रथिनात ३१५ वी कडी बदलते आणि औषध खोबणीत बसेनासे होते. त्यांच्यासाठी आता दुसरी औषधे आहेत.

रोजची गोळी म्हटली की पैसा आला. नोव्हार्टिस कंपनीच्या गोळ्यांना भारतात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत. भारतीय कारखान्यांच्या गोळ्यांना आठ ते दहा हजार. कंपनीने या औषधाच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागितले होते. जुन्याच द्रव्याचे नवे रूप अधिक गुणकारी ठरल्यावाचून त्यावर हक्क नाही, असे आमच्या पेटंट कायद्याचे कलम ३(ड) सांगते. कलमाची भाषा रुक्ष आहे, पण आम्हांला ते शहाणपणाचे वाटते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच कलमावर बोट ठेवून कंपनीचे अपील फेटाळले, आणि भारतीय कारखान्यांच्या स्वस्त गोळ्या दुकानांत मिळत राहिल्या.