पिंजऱ्याची रात्रपाळी
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या सोसायटीत आता बऱ्याच गॅलऱ्यांत लव्हबर्डचे पिंजरे लटकतात. दिवसा किलबिल सगळ्यांना आवडते. पण रात्री मांजर किंवा साप आला तर घर झोपलेलं असतं, आणि सकाळी पोरं रडतात.

एके काळी पक्षीच माणसाची राखण करत. ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणीत कॅनरी नेत. विषारी वायू सुटला की माणसाआधी तो पक्षी कोसळे. १९८६ साली तिथे कॅनरीच्या जागी यंत्रं आणायचं ठरलं. आता यंत्राने पक्ष्याची राखण करायची पाळी आहे.

पहिला सेन्सर दाराचा. त्याचे दोन तुकडे असतात, एक चुंबक आणि एक स्विच. दार उघडं राहिलं की तो वाजतो. मांजराची वाट तीच!

दुसरा तापमानाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. सेन्सर पिंजऱ्याजवळ लावा, पण वायर चोचीच्या टप्प्यात नको.

तिसरा गॅसचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून हा सेन्सर जमिनीलगत हवा. यात पक्षीही वाचतो, आपणही. मात्र जास्त तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ पक्ष्याला मारते आणि ती या सेन्सरला कळत नाही. तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरात नकोच.

हालचाल टिपून भपकन लागणारा दिवा पिंजऱ्यावर रोखू नका. पक्षी बिचकून जाळीवर आपटतात, पंख मोडतात. त्यापेक्षा रात्रभर मंद बल्ब बरा.

लाइट गेली की वायफायही जातं, मग मोबाइलवर निरोप येत नाही. म्हणून बॅटरीवर चालणारा, स्वतः वाजणारा सेन्सरच घ्या.

एक नाजूक गोष्ट. आपला हिरवा पोपट घरी ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. त्याला सेन्सर नको, वनखात्याकडे सोपवणं हवं. घरचे नाराज होतील, पण कायदा तो कायदा. परस्पर सोडूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेला पोपट बाहेर तग धरेलच असं नाही.

शेवटी, बँकेत तिजोरीच्या चाव्या दोघांकडे असायच्या. तसंच हे. सेन्सरचा निरोप दोन मोबाइलवर जाऊ द्या, एक घरचा, एक शेजारचा. आम्हा म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं. यंत्र फक्त हाक मारतं. उठायचं माणसालाच आहे. पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या हाकेला धावलो, तेवढं पुढेही चालू ठेवू या.