सकाळची पाटी

खानदेश, वऱ्हाड आणि मराठवाड्यातून लांबचा प्रवास करून आलेले व्यापारी बंधू, इंदूर-देवास-रतलामची स्नेही मंडळी, आणि समोरच्या पहिल्या रांगेत बसलेले आमचे फेरीवाले बंधुभगिनी,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे या अवंतिकानगरीत मी मनःपूर्वक स्वागत करतो. उज्जैनला येणारा पाहुणा बहुधा महाकाळाच्या दर्शनाच्या ओढीने येतो, आणि रेल्वेने येवो की मोटारीने, तो ज्या देवास गेटच्या परिसरात प्रथम पाऊल ठेवतो तेथे त्याचे चित्त पुढच्या शिखराकडे लागलेले असल्यामुळे, या गजबजलेल्या रस्त्याच्या कडेने जुना पत्रा, तुटकी सायकल, जळालेली मोटर आणि पोचे आलेली पातेली लादून मुकाट्याने चाललेली हातगाडी त्याला सहसा दिसत नाही. आज मात्र या सभागृहात असे पाहुणे जमले आहेत की ज्यांची दृष्टी शिखराइतक्याच आदराने त्या गाडीकडेही गेली असेल; म्हणून हे स्वागत परक्यांचे नसून आप्तांचे आहे, असे मी मानतो.

मराठीतून बोलण्याचा हक्क या भूमीने आम्हांला फार पूर्वी दिलेला आहे. राणोजी शिंद्यांची राजधानी येथे होती. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. आणि पुढे दौलतरावांच्या कारकिर्दीत राजधानी ग्वाल्हेरला गेली, तरी दप्तराच्या, टांकसाळीच्या वा कमाविशीच्या निमित्ताने नर्मदेपलीकडून आलेली कितीतरी घराणी क्षिप्रेच्या काठीच स्थिरावली. धातूशी या नगरीचा संबंध तर त्याहूनही पुरातन आहे. गढकालिकेच्या टेकाडावर १९५५ ते १९५८ या काळात एन. आर. बॅनर्जी यांच्या देखरेखीखाली जे उत्खनन झाले, त्यात वस्तीच्या अगदी आरंभीच्या थरांतही लोखंडाच्या वस्तू सापडल्या. त्या लोखंडाला प्रथम कोणी भट्टीत घातले आणि मोडल्यावर पुन्हा कोणी ठोकून सरळ केले, याचा लेखी दाखला असणे शक्य नाही. पण जेथे लोहार होता तेथे मोडके लोखंड वेचून त्याच्याकडे आणणारा कोणीतरी होताच, आणि आपण सारे त्या अनाम माणसाचे वारस आहोत.

आमच्या मालाला माळव्यात ‘अटाला’ म्हणतात, आपण त्याला भंगार म्हणता, आणि तांबट आळीतला जुना माणूस ‘मोड’ म्हणेल. मला स्वतःला हा शेवटचा शब्द सर्वांत प्रिय आहे. आपल्या आयाआज्या फुटका हंडा मोडीत घालून नवी कळशी घरी आणीत, तेव्हा त्या व्यवहारात हंड्याची घडणावळ तेवढी बुडे. तांबे बुडत नसे. पहिल्या महायुद्धात परदेशी कच्चे लोखंड येईनासे झाले आणि किर्लोस्करवाडीचे ओतकाम अडले, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना वितळविण्यासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. त्याच किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आज आमच्या शेजारी देवासला आहे, म्हणून ही हकीगत येथे सांगण्याचा मोह आवरला नाही. परंतु ते दिवस टंचाईचे होते. टंचाईत मोडीचे मोल कोणालाही कळते. ते कळणे कठीण जाते ते सुबत्तेत, जेव्हा नवेच लोखंड जुन्याच्या भावात बाजारात येऊन पडते.

आणि तसे दिवस आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहेत. २०१५ साली चीनने अकरा कोटी टनांहून अधिक पोलाद परदेशी पाठविले. त्या वर्षअखेर खनिज लोखंडाचा भाव टनाला चाळीस डॉलरांच्याही खाली घसरला. आणि २०२४ साली चीनची निर्यात पुन्हा अकरा कोटी टनांच्या घरात गेली. तिकडच्या बंदरात भरलेल्या जहाजाचा देवास गेटवरच्या हातगाडीशी काय संबंध, असे नवख्यास वाटेल. संबंध भट्टीतून येतो. आपल्या देशातील विजेच्या भट्ट्या खनिजापासून केलेले स्पंज आयर्न आणि आपली मोड यांचे मिश्रण वितळवितात; खनिज स्वस्त झाले की स्पंज स्वस्त होते, भट्टीवाला त्याचे प्रमाण वाढवितो, आणि काल ज्याने आपला ट्रक रात्री दहा वाजता उतरवून घेतला तोच आज फाटकावर थांबावयास सांगतो. भाव ठरविणे आपल्या हाती नाही. ते कधीही नव्हते. तेजीच्या वर्षांत आपणांस तसा भास तेवढा झाला.

त्या भासाची किंमत मी स्वतः मोजलेली आहे, आणि स्वागताच्या प्रसंगी घरचे दुःख सांगू नये हा शिरस्ता मोडून ती हकीगत मी येथे सांगणार आहे, कारण आजच्या परिषदेचा विषय, म्हणजे पडत्या भावातला आपला धंदा, माझ्यापुरता तेथूनच सुरू होतो. २००८ च्या जुलैत लंडनच्या धातुबाजारात तांबे टनाला साडेआठ हजार डॉलरांच्या वर होते. आमच्या गोदामात तांब्याची तार होती, पितळ होते, आणि मागच्या आवारात भट्टीच्या लोखंडाचा ढीग कुंपणाच्या भिंतीवर चढला होता. धाकटे बंधू म्हणाले, विकून टाकू. मी म्हणालो, दसऱ्यापर्यंत थांबू. सप्टेंबरच्या मध्यावर अमेरिकेतली एक मोठी पेढी बुडाली, आणि डिसेंबर संपताना तेच तांबे तीन हजारांच्याही खाली आले होते. एका भट्टीने तर सौदा ठरलेला माल फाटकावरून परत पाठविला. वडिलांनी आणि आजोबांनी पै-पैने जमविलेले भांडवल त्या ढिगात होते, आणि कीर्द-खतावणीची रुजवात करताना मुनीमजींच्या हाताला कंप सुटलेला मी पाहिला.

तथापि माझ्या मनाला आजही टोचते ते निराळेच. त्या पडत्या दिवसांत एके सकाळी मी दुकानाच्या पाटीवर भाव लिहिला, आणि आमच्या वडिलांच्या वेळेपासून येणाऱ्या एका वृद्ध फेरीवाल्याने तो वाचून, त्याच हिशेबाने दिवसभर गल्लोगल्ली पैसे देऊन माल उचलला. दुपारी बाजाराचा निरोप आला. संध्याकाळी तो गाडी लोटीत परतला तेव्हा मी पाटी पुसून नवा भाव लिहिलेला होता. त्याने पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, एक शब्दही न बोलता माल काट्यावर चढविला, पैसे मोजून घेतले आणि गेला. पुढे कित्येक महिने तो आमच्या दाराशी आला नाही. माझा तोटा गोदामभर होता, त्याचा एका गाडीचा. परंतु त्या एका गाडीत त्याचे सारे भांडवल होते, आणि माझ्या शब्दाच्या भरवशावर त्याने ते घातले होते.

त्या प्रसंगानंतर आम्ही दुकानात एक नियम केला : सकाळी पाटीवर लिहिलेला भाव दुकान बंद होईपर्यंत बदलावयाचा नाही, आणि दिवसाभरात बाजार पडला तर ती तूट दुकानाने सोसावयाची. हा नियम मी परोपकारबुद्धीने केला असे सांगितले तर ते अर्धसत्य होईल. पश्चात्ताप होता, हे खरे. पण हा नियम पाळू लागल्यावर असे ध्यानात आले की या एका नियमाने आमच्या सबंध धंद्याची घडी बदलावयास भाग पाडले आहे. ज्याला सकाळचा भाव संध्याकाळपर्यंत पाळावयाचा आहे, त्याला मालाचा साठा करून तेजीची वाट पाहणे परवडत नाही. त्याने विक्रीचा सौदा आधी बांधून मग खरेदीचा भाव लिहिला पाहिजे. पूर्वी आमच्या आवारात माल महिनोन्महिने राही. आता आठवडा उलटू द्यावयाचा नाही असा आमचा कटाक्ष असतो. ढीग लहान झाला, आणि झोप परत आली.

मग नफा कोठून काढावयाचा? तो प्रतवारीतून निघतो, आणि येथे मला थोडे विस्ताराने बोलू द्यावे, कारण आपल्या धंद्याची विद्या जर कोणती असेल तर ती हीच. तेजीत भट्टीवाला मिसळ माल मुकाट घेतो. मंदीत तो निवडू लागतो, आणि निवडून दिलेला माल आधी उचलतो. सबंध मोटर लोखंडाच्या ढिगात टाकली तर तिच्यातील तांबे पोलादात मिसळते, ते वितळवून पुन्हा वेगळे काढता येत नाही, आणि त्या पोलादाला रोलिंगच्या वेळी भेगा पडतात. म्हणून मोटर उकलून तांबे, बीड आणि पत्रा निरनिराळे करणारा माणूस तिन्ही मालांचा भाव मिळवितो, शिवाय भट्टीवाल्याचा विश्वासही. बीड कोणते आणि साधे पोलाद कोणते, हे ग्राइंडरच्या चाकावर क्षणात कळते : बिडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद तांबूस, पोलादाच्या लांब आणि पिवळसर शुभ्र. स्टेनलेसच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षे चुंबकावर विसंबलो आणि फसलो. आठ टक्के निकेल असलेल्या भांड्याला चुंबक चिकटत नाही, आणि अत्यल्प निकेल व पुष्कळ मँगनीज असलेल्या हलक्या प्रतीलाही चिकटत नाही. पण दोहोंच्या भावातील अंतर एवढे मोठे आहे की परीक्षेचे यंत्र परवडत नसेल तर चार दुकानांनी मिळून एक घ्यावे, असे मी सुचवीन. घरगुती जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली आणि इंजिनाचे ओतीव भाग हेही एकत्र करू नयेत. ओतीवात सिलिकॉन असते, आणि एक पोते दुसऱ्याचा भाव खाली ओढते.

तारेविषयी एक कळकळीची विनंती. वरचे वेष्टन जाळून तांबे काढण्याची जी रीत अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे, तिने तांबे काळवंडून त्याची प्रत उतरते, आणि त्या प्लॅस्टिकचा विषारी धूर प्रथम जाळणाऱ्याच्या, मग त्याच्या लेकरांच्या छातीत जातो. तार सोलण्याचे लहानसे यंत्र आपल्या बहुतेकांच्या आवाक्यात आहे. मंदीत भाव वाढवून मिळत नाही, पण प्रत वाढविता येते, आणि येथे प्रत व प्रकृती दोन्ही एकाच यंत्राने सुधारतात.

कराचा विषय संक्षेपाने. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूची मोड घेताना जीएसटी भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आली आहे, आणि नोंदणीकृत व्यापाऱ्यांच्या आपसांतील व्यवहारात दोन टक्क्यांची कपात सुरू झाली आहे. यामुळे हिशेब स्वच्छ होतील हे मला मान्य आहे. तरी पडत्या बाजारात आधीच आटलेले भांडवल परतावा येईपर्यंत अडकून राहते, हेही सरकारदरबारी नम्रपणे पण स्पष्टपणे मांडले पाहिजे. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०१९ च्या पोलाद-भंगार धोरणातच असे नमूद आहे की एक टन मोड वापरल्याने सुमारे १.१ टन खनिज आणि ६३० किलो कोळसा वाचतो. राष्ट्राची एवढी बचत जो हात करतो, त्याची अर्ज-विनंती ऐकून घेतली जाईल अशी आशा बाळगणे अवाजवी नाही.

पुण्याहून आलेल्या प्रतिनिधींना मी उद्या मुद्दाम वेळ देण्याची विनंती केली आहे. तेथे डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि २००८ पासून तिच्या सभासदांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. त्या व्यवस्थेतील जी गोष्ट माझ्या मनात रुजली ती अशी की, वेचक स्त्रीला घरामागे दरमहा शुल्क मिळते आणि विकाऊ माल तिचाच राहतो. त्यामुळे पत्र्याचा भाव पडला तरी तिची चूल सर्वस्वी त्यावर अवलंबून नसते. आपणही केवळ माल घेणारे का राहावे? बंद कारखान्याचे शेड उतरवून जागा मोकळी करून देणे, कार्यशाळेतला चुरा आणि कतरन दर आठवड्याला निवडून उचलणे, ही कामे आहेत, आणि कामाचा मोबदला भावाबरोबर चढत-उतरत नाही. आमच्या शहराला तर हा विचार लगेच उपयोगी पडणार आहे. २०२८ चा सिंहस्थ जवळ आला आहे. मेळा उठला की पत्रे, नळ आणि खांब एकदम बाजारात येतात आणि स्थानिक भाव कोसळतो, हा आमचा २०१६ चा अनुभव आहे. या खेपेस उतरविण्याचे आणि निवडण्याचे काम आधीच करारबद्ध करून घ्यावे, आणि त्यात फेरीवाल्यांचा हिस्सा लेखी असावा, असा ठराव स्वागत समिती विषयनियामक मंडळापुढे ठेवणार आहे.

आपली निवासाची व्यवस्था स्थानकाच्या अलीकडच्या धर्मशाळेत केली आहे. काही न्यून आढळल्यास स्वयंसेवकांस निःसंकोच सांगावे. दुपारच्या भोजनात माळव्याचे दाल-बाफले आहेत. उद्या पहाटे ज्यांना महाकाळाच्या दर्शनास जावयाचे असेल त्यांनी आज रात्री नावे द्यावीत.

एक शेवटची गोष्ट. पहिल्या रांगेतील फेरीवाले बंधुभगिनी आजची फेरी सोडून येथे आले आहेत, आणि त्यांची आजची मजुरी स्वागत समितीने सकाळीच पोहोचती केली आहे. ज्या वृद्ध गृहस्थांची हकीगत मी सांगितली ते आज हयात नाहीत. त्यांची कन्या आता तीच गाडी घेऊन फिरते आणि आमच्याच दुकानी माल घालते. परिषदेतील पहिले भाषण तिने करावे अशी विनंती मी तिला केली, आणि पुष्कळ आढेवेढे घेऊन तिने ती मान्य केली आहे. अध्यक्षमहोदयांनी आसनस्थ होऊन तिला व्यासपीठावर बोलवावे, अशी मी त्यांस प्रार्थना करतो.