अस्तर, गिलावा आणि रंग

(हीरक महोत्सवानिमित्त भरविलेल्या हस्तकला प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा गौरव करणारी भाषणे या महोत्सवात पुष्कळ झाली आणि पुढेही होतील. मी आज आपल्याशी एका वीतभर लांबीच्या वस्तूविषयी बोलणार आहे. सभागृहाच्या डाव्या बाजूस दिवाळीच्या किल्ल्यांची प्रतिकृती मांडली आहे. तिच्या शेजारच्या मेजावर इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने तयार केलेला जर्मन रणगाडा आहे. दुसऱ्या महायुद्धातील ‘टायगर’ या रणगाड्याची ती १:३५ या प्रमाणातील प्रतिकृती होय. प्रदर्शनाची मांडणी चालू असताना काही पालकांनी मला विचारले, “बाई, मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात हिटलरच्या सैन्याचा रणगाडा कशासाठी?”

प्रश्न रास्त आहे. खासगीत दोन वाक्यांत उत्तर देऊन तो मिटविण्यापेक्षा सर्वांसमोर त्याचा विचार करावा, असे मला वाटले.

प्रथम ही वस्तू घडली कशी, ते पाहू. खोक्यातून प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात आणि ते जोडले की रणगाड्याचा आकार तयार होतो. एवढ्यावर थांबले असते तर ते खेळणेच राहिले असते. परंतु त्या विद्यार्थ्याने जुनी छायाचित्रे बारकाईने पाहिली, तेव्हा त्याला दिसले की कित्येक जर्मन रणगाड्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत नाही. त्यावर आडव्या, जवळजवळ ओढलेल्या रेघा आहेत. ओल्या सारवणावर बोटे फिरवावीत आणि ती वाळल्यावर तशीच राहावीत, तशा त्या दिसतात. त्याने वर्गात विचारले, “ही नक्षी कशाला?” ती नक्षी नव्हती.

तो एक प्रकारचा गिलावा होता आणि त्याचे नाव ‘झिमेरिट’. बेरियम सल्फेट, झिंक सल्फाइड, पिवडीसारखी पिवळी माती, लाकडाचा भुसा आणि हे सारे धरून ठेवणारे पॉलिव्हिनाइल अॅसिटेट, असे ते मिश्रण असे. आपल्या हस्तकलेच्या तासाला वापरतो तो पांढरा डिंक याच पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचा असतो. हे मिश्रण थापीने लावायचे, त्यावर दातेरी फणीने रेघा उठवायच्या आणि ब्लो-लॅम्पच्या आचेने ते वाळवायचे, अशी पद्धत होती. हेतू असा की, शत्रूच्या सैनिकाने जवळ येऊन चुंबकी स्फोटक चिकटविण्याचा प्रयत्न केला, तर ते पोलादाला घट्ट चिकटू नये. या गिलाव्यात चुंबकत्व रोखणारे कोणतेही द्रव्य नाही. तो केवळ अंतर निर्माण करतो. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते. आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी शाळेच्या पोलादी कपाटावर चुंबक लावून मध्ये एकेक पोस्टकार्ड सरकवीत नेले आणि मुलांनी ते डोळ्यांनी पाहिले. रेघांचे प्रयोजनही तेच: उंचवट्यांवरच टेकलेल्या वस्तूचा पोलादाशी निकटचा संबंध येत नाही.

आता प्रतिकृतीची अडचण लक्षात घ्या. मूळ गिलावा काही मिलिमीटर जाड. चार मिलिमीटर धरले तरी पस्तिसाने भागल्यावर जेमतेम एक दशांश मिलिमीटर उरतो, म्हणजे वहीच्या कागदाची जाडी! इतक्या पातळ थरात शेकडो समांतर रेघा काढायच्या. त्यासाठी नळजोडणीच्या कामात वापरतात तसली दोन भाग मळून एक करायची एपॉक्सी लांबी त्याने घेतली. पहिला थर वाळताच पोपडा होऊन निघाला, कारण खालचे प्लॅस्टिक गुळगुळीत होते. गवंडी गिलाव्यापूर्वी काँक्रीटला टाचे मारतो, हे त्याच्या आजोबांनी त्याला सांगितले. मग त्याने पॉलिश पेपरने प्लॅस्टिक खरबरीत केले, लांबी बोटाने पाणी लावून पसरली आणि ती घट्ट होण्याआधी करवतीच्या पात्याच्या तुकड्याने रेघ दाबत गेला. घट्ट होण्याआधी हाती मिळणारा वेळ थोडा. म्हणून एका बैठकीत केवळ तळहाताच्या चतुर्थांशाएवढा भाग. हे काम तीन महिने चालले.

यापुढचा प्रश्न इतिहासाचा होता. आज चालू स्थितीत असलेला सुप्रसिद्ध टायगर इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे. तो एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला आणि त्याच्यावर हा गिलावा नाही. कारण झिमेरिट लावण्यास १९४३ च्या उत्तरार्धात प्रारंभ झाला. सप्टेंबर १९४४ मध्ये कारखान्यांना ते थांबविण्याची आज्ञा झाली. म्हणजे गिलावा हवा असेल तर रणगाडा त्या साधारण एका वर्षाच्या काळातीलच असला पाहिजे. गिलावा बोव्हिंग्टनच्या रणगाड्यासारख्या सजावटीवर चढविला असता, तर तो सुंदर दिसला असता आणि खोटा ठरला असता. सनावळ्या पाठ करण्याचा कंटाळा येणाऱ्या मुलाला सन आणि महिना यांचे मोल या एका कामाने कळले.

आणि ती आज्ञा का झाली, हे ऐकण्यासारखे आहे. तोफगोळा लागला की हा गिलावा पेट घेतो, अशी वार्ता पसरली होती. चाचण्यांत ती खरी ठरली नाही. तरी बंदी उठली नाही. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की, तीन चुंबकांचे चिकटणारे स्फोटक जर्मनांनी स्वतःच १९४२ मध्ये वापरात आणले होते. आपल्यापाशी आहे ते उद्या शत्रूपाशीही असेल, या भयाने त्यांनी हजारो वाहनांवर गिलावा थापला. मित्रराष्ट्रांनी मात्र असे स्फोटक रणगाड्यांविरुद्ध मोठ्या प्रमाणावर कधी वापरलेच नाही. भयाने गिलावा चढला आणि अफवेने उतरला. बलाढ्य म्हणविणाऱ्या सत्तेच्या मनाचा हा नकाशा मुलाने हाताने रेघा ओढता ओढता वाचला.

रंगाचेही तसेच. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन वाहनांचा मूळ रंग गडद पिवळा झाला; त्यावर हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे सैनिक आपापल्या भागातील झाडी पाहून ओढीत. प्रतिकृतीला आधी करडे अस्तर, मग पिवळ्याचे पातळ हात, मग पट्टे. शेवटी पातळ केलेला गडद तपकिरी तैलरंग रेघांत सोडायचा. तो आपोआप खाचांतून धावतो. उंचवट्यांवरून जवळजवळ कोरडा ब्रश फिकट रंगाने फिरवायचा. हे का? वीतभर वस्तूवर खोलीतल्या उजेडाची सावली पुरेशी पडत नाही; म्हणून सावली रंगवावी लागते. काही कोपऱ्यांवर त्याने गिलावा मुद्दाम उडवून खालचा तांबडा रंग दाखविला आहे. एवढे कष्ट करून स्वतःचेच काम का बिघडविलेस, असे एका मैत्रिणीने विचारले. “युद्धातून आलाय तो, दुकानातून नाही,” असे त्याचे उत्तर होते.

पालकहो, आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. हे यंत्र क्रूर राजवटीचे होते, यात शंका नाही. टायगर बनविणाऱ्या कासेल येथील हेन्शेल कारखान्यात परदेशांतून सक्तीने आणलेली माणसे राबत होती. त्याची पहिली लढाई १९४२ मध्ये लेनिनग्राडजवळ झाली; ते शहर तेव्हा वेढ्यात उपाशी मरत होते. यांपैकी काहीही आम्ही लपविलेले नाही. प्रतिकृतीशेजारी त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात फलक लिहिला आहे आणि त्यात ही दोन्ही वाक्ये आहेत. तो फलक नसता, तर मी हा रणगाडा मेजावर ठेवू दिला नसता.

त्याच फलकावर आणखी दोन नावे आपण वाचाल. १९४४ च्या उन्हाळ्यात, हा गिलावा अंगावर घेतलेले रणगाडे इटलीत होते, तेव्हा त्यांच्या सैन्यासमोर आपली माणसे उभी होती. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगाव परिसरातील नाईक यशवंत घाडगे एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तेथेच पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणले आणि मग शत्रूची ठाणी मोडली. दोघेही मराठा पलटणीचे. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्या पलटणीचे केंद्र आजही बेळगावात, आपल्याच राज्यात आहे. आपल्या बंगळुरातील मद्रास सॅपर्सचे कॅप्टन मॅक्‌क्लिंटॉक यांनी १९१२ मध्ये तारेचे कुंपण उडविणारी स्फोटक नळी येथेच सिद्ध केली. ‘बंगलोर टॉर्पेडो’ या नावाने ती ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर वापरली गेली. हे सारे त्या विद्यार्थ्याने शोधले, कारण एका रेघेचे कारण त्याला हवे होते.

किल्ला आणि रणगाडा यांना शेजारी ठेवण्याचे कारणही हेच. बंगळुरात वाढणारी आपली मुले दरवर्षी माती कालवून, गोणपाटावर चिखल लिंपून, मोहरी पेरून किल्ला करतात. तेथे कथा आपली आहे, प्रेम आपोआप येते. परक्याच्या आणि अप्रिय वस्तूकडे तितक्याच काळजीने पाहता येणे, हे शिक्षणाचे पुढचे पाऊल आहे. काळजीने पाहणे म्हणजे गौरव करणे नव्हे. वरवर पाहणाऱ्यालाच रणगाडा केवळ रुबाबदार वाटतो. रेघन्‌रेघ ओढणाऱ्याला तो कोणी, कोणत्या भीतीने आणि कोणाच्या घामावर बांधला, हेही दिसते.

माजी विद्यार्थ्यांना मी एक मागणे मागणार आहे. आपल्यापैकी कित्येकांचे वडील एचएएल, एचएमटी, बीईएल येथे यंत्रावर उभे राहिले. कित्येकांची घराणी विटा-खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या व्यवसायासाठी येथे आली. हाताने काम करणाऱ्या माणसांनी ही शाळा उभी केली. आज मात्र हस्तकलेचा तास हा परीक्षा जवळ आली की प्रथम कापला जाणारा तास झाला आहे. तळमजल्यावरील मागची खोली आम्ही कार्यशाळेसाठी मोकळी केली आहे. तिला भक्कम मेजे, हवा बाहेर टाकणारा पंखा, मुखपट्ट्या आणि हातमोजे हवेत, कारण एपॉक्सी आणि रंगांची वाफ यांत निष्काळजीपणा चालत नाही. देणगीपेक्षाही मला हवे आहेत महिन्यातून एका शनिवारचे दोन तास. सुतारकाम येणारा, वेल्डिंग येणारा, रंगकाम येणारा, शिवण येणारी, असा प्रत्येक हात येथे शिक्षक होऊ शकतो. दाराजवळ नोंदवही ठेवली आहे.

पालकांना एवढीच विनंती की, मूल एखाद्या कामात तास न्‌ तास गढलेले दिसले, तर “वेळ वाया घालवू नकोस” हे वाक्य ओठांवर येण्यापूर्वी एकदा विचारावे, “हे असे का आहे रे?” त्याला उत्तर ठाऊक असेल तर ते ऐकावे, नसेल तर त्याच्याबरोबर शोधावे.

प्रदर्शन आजपासून सर्वांसाठी खुले झाले आहे, असे मी जाहीर करते. किल्ल्यावरील मोहरी नुकतीच उगवली आहे, तिला कृपया हात लावू नये. रणगाड्याला मात्र त्या विद्यार्थ्याच्या परवानगीने एका बोटाने स्पर्श करता येईल.